कनवटीला बांधलेली वीज

माणसाची खरी ओळख त्याच्या बैठकीच्या खोलीत होत नाही. ती त्याच्या फडताळात होते. बैठक पाहुण्यांसाठी सजवलेली असते, पण फडताळात तो उद्याविषयी काय समजतो ते दडलेले असते. कुठे जुनी पत्रे, कुठे औषधाच्या अर्धवट बाटल्या, कुठे 'लागेल कधीतरी' म्हणून जपून ठेवलेला सुतळीचा तोडा. त्या 'कधीतरी'त माणसाचे सगळे भय आणि सगळी आशा सामावलेली असते.

हे फडताळ चाकांवर चढले आणि रस्त्यावर धावू लागले, तर त्याचे रूप कसे असेल? ते पाहायचे तर अमेरिकन पिकअप ट्रकच्या आत डोकवावे. आपल्याकडे पिकअप म्हटली की कांद्याच्या गोणी, दुधाचे कॅन किंवा लग्नाचे मंडप-साहित्य वाहून नेणारी गाडी डोळ्यांपुढे येते. तिच्यात चालकाची सोय म्हणजे पाठीमागे अडकवलेला पंचा आणि काचेसमोरचा गणपती. अमेरिकेत मात्र हीच गाडी शेतकऱ्याची, सुताराची, नळजोडणी करणाऱ्याची आणि पुष्कळदा नुसत्या हौशी कुटुंबवत्सल गृहस्थाचीही असते. मागे उघडा हौदा आणि पुढे चांगली ऐसपैस खोली, असे तिचे रूप. या खोलीची माहितीपुस्तिका वाचताना मला एखाद्या जुन्या वाड्याचे वर्णन वाचत असल्यासारखे वाटले. मागची बैठक उचलावी तर तिच्याखाली कुलपाचा लांबट कप्पा. दोन आसनांच्या मधोमध आणखी एक खोल पेटी. फोर्डच्या 2021 सालच्या एफ-150 गाडीत तर अशीही सोय आली, की गिअरचा दांडा आडवा निजतो, मधल्या पेटीचे झाकण उलगडते आणि चक्क लिहिण्याचे मेज तयार होते. होंडाने रिजलाइन नावाच्या गाडीत हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद तळघर केले. रॅमने 2009 च्या मॉडेलपासून हौद्याच्या दोन्ही भिंतींत कोनाडे दिले. दोहोंना तळाशी पाणी काढून टाकण्याचे बूच आहे, म्हणजे हवे तर त्यांत बर्फ भरून शीतपेये ठेवावीत.

या सगळ्या कप्प्यांच्या पूर्वजाची एक गमतीची हकीकत आहे. डॉरथी लेव्हिट नावाची एक इंग्रज मोटारपटू होती. तिने 1909 साली स्त्रियांनी मोटार कशी चालवावी याविषयी एक पुस्तक लिहिले. आसनाखालच्या छोट्या खणात काय ठेवावे हे तीत तिने सांगितले आहे: हातमोजे, हातातला आरसा, थोडे चॉकलेट आणि एकटीने लांब जायचे असेल तर छोटे रिव्हॉल्वर! पुढे मोटारीतल्या कप्प्याला हातमोज्यांचेच नाव चिकटले. आज त्यात हातमोजे सोडून सारे काही सापडते. पण मला त्या यादीचे राहून राहून आश्चर्य वाटते. सोय, सौंदर्य, जिभेची गोडी आणि भीती! माणूस ज्यांच्यासाठी साठवतो ती चारही कारणे त्या एका खणात आली. पुढच्या शंभर वर्षांत कप्पे वाढले. कारणे मात्र तेवढीच राहिली.

आता याच खोलीतली दुसरी वस्तू पाहू. ती म्हणजे विजेचे पॉइंट. त्यांचा जन्म तर एका व्यसनापोटी झाला. मोटारीत सिगारेट पेटवण्यासाठी तापणाऱ्या तारेची एक लहान दांडी असे. ती बाहेर काढली की मागे वाटोळी खोबण उरे. लोकांच्या ध्यानात आले, की या खोबणीतून दिव्यालाही वीज घेता येते, पंख्यालाही. दांडी हळूहळू गेली, खोबण राहिली. माणसाच्या वाईट सवयीतून कधीकधी असे चांगले भोक पडते! आज त्याच खोबणीशेजारी घरच्यासारखा 120 व्होल्टचा पॉइंट असतो. अनेक पिकअप गाड्यांत तो सुमारे 400 वॅटचा भार सोसतो. संकरित इंजिनाच्या एफ-150 मध्ये मागच्या हौद्यात 7.2 किलोवॅटपर्यंत वीज मिळण्याची सोय 2021 च्या मॉडेलपासून आली. एवढ्या विजेवर सुताराची करवत चालते, वेल्डिंग होते, आणि मनात आणले तर एका घराचा दिवाबत्तीचा संसारही निभावतो.

कप्पा आणि खोबण या एकाच गाडीत शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. कप्पा घेतो आणि मिटतो. त्याचे सुख झाकण लागल्यावर सुरू होते. खोबण मात्र दुसरे कुणीतरी येऊन जोडले जाईपर्यंत निरर्थक असते. तिच्यात काहीच ठेवता येत नाही. तिच्यातून फक्त देता येते. आणि देणे फुकट होत नाही. इंजिन बंद ठेवून त्या खोबणीवर काही चालवले, तर त्याची किंमत गाडीची बॅटरी मोजते. साधा हिशेब करावा. बारा व्होल्टची, सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 840 वॅट-तास. तिचा अर्धा साठा तरी गाडी पुन्हा सुरू करण्यासाठी राखला पाहिजे. उरलेल्या 420 वॅट-तासांवर 300 वॅटचे यंत्र दीड तासही चालत नाही. इंजिन सुरू ठेवले तर पेट्रोल जळते. दात्याला आपण किती दिले हे टाकीच्या काट्यावर दिसत असते.

येथे माझा मूळ प्रश्न सुरू होतो. जवळ साठा असणे हा दोष आहे काय? आणि नसेल, तर त्या साठ्यावर शेजाऱ्याचा काही अधिकार आहे काय?

अपरिग्रहाचा उपदेश आपल्या कानांना नवा नाही. पतंजलींच्या यमांत तो आहे, जैनांच्या महाव्रतांत आहे, गांधीजींच्या आश्रमव्रतांतही होता. पण त्याच वेळी आपल्याच खेड्यांनी जमिनीत पेवे खणली, भिंतींत बळदे ठेवली आणि कणगी भरल्या. दुष्काळ पाहिलेल्या मुलुखाला रिकाम्या कणगीचे तत्त्वज्ञान सांगणे ही क्रूर थट्टा होईल. शाळेत रोज पाहतो, की दप्तरात जादा पेन ठेवणारा मुलगा लोभी नसतो. परीक्षेच्या दिवशी पेन अडले की अख्खी रांग त्याच्याकडेच पाहते. तेव्हा साठा करणे आणि हावरेपणा करणे यांत भेद आहे. तो भेद वस्तूंच्या संख्येत नाही, तर झाकणाच्या वागण्यात आहे. मागणारा आला असता झाकण उघडते की नाही, एवढेच पाहावे.

सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीला एक मर्यादा घातली होती. नासण्यापूर्वी जेवढे वापरता येईल तेवढे तुझे. त्याहून अधिक घेशील तर ते दुसऱ्याचे घेतलेस. पुढे तोच म्हणतो, की न नासणारा पैसा निघाला आणि ही मर्यादा ओलांडायला वाट मिळाली. विजेचे मात्र अजब आहे. तिचे पेट्रोल टिकते, बॅटरी काही काळ टिकते, पण वाहती वीज क्षणभरही टिकत नाही. चालू इंजिनाच्या खोबणीत जी शक्ती त्या क्षणी कुणी घेतली नाही, ती पुढच्या क्षणासाठी राखून ठेवलेली नसते. ज्याची गाडी आपल्या एका दिव्यासाठी रात्रभर घरघरत उभी आहे आणि तिच्या उरलेल्या खोबणी रिकाम्या आहेत, त्याचे सगळेच पेट्रोल काही वाचत नाही. पुष्कळसे नुसते इंजिन फिरण्यात जाते. शेजाऱ्याची एक तार जोडली तर खर्च वाढेल, पण थोडा. अशा वेळी 'माझे आहे' या शब्दांचे वजन फार कमी होते.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यावर कडाक्याची थंडी कोसळली. 15 तारखेच्या पहाटे वीजपुरवठा तोडणे सुरू झाले आणि पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे व आस्थापने काळोखात गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने पुढे 246 मृत्यू नोंदवले. त्यांतले सर्वाधिक थंडीने गारठून झालेले. त्या दिवसांत काहींनी आपल्या पिकअपच्या हौद्यातून तार घरात नेली आणि चूल-दिवा चालवला. तेव्हा फोर्डने तिथल्या विक्रेत्यांना विनंती केली, की दुकानात उभ्या असलेल्या अशा गाड्या गरजूंना वापरायला द्याव्यात. ही बातमी वाचताना मला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. दुष्काळात त्यांनी कोठारे उघडली अशी कथा आहे. पण ते धान्य बादशहाचे होते, आणि म्हणूनच ती कथा झाली. स्वतःचे कोठार उघडणाऱ्याची कथा होत नाही. त्याची फक्त रात्र खर्ची पडते.

आता त्या रात्रीच्या एका चालकाच्या जागी आपण स्वतःला उभे करू. हाताशी एकच खोबण आहे, 400 वॅटची. डावीकडच्या घरात वृद्धाचे प्राणवायू देणारे यंत्र थांबले आहे. ते साधारण 350 वॅट घेते. उजवीकडे वीस माणसे हातात मोबाइल घेऊन उभी आहेत. प्रत्येकाला वीस वॅट पुरतील. म्हणजे सगळ्यांचे मिळूनही तेवढेच. कुणाची मुलगी दुसऱ्या गावी अडकली आहे, कुणाला डॉक्टरांना बोलवायचे आहे. एका बाजूला एकाचा श्वास, दुसऱ्या बाजूला विसांची हाक. डोकी मोजणारा म्हणेल, वीस मोठे. पण नीट पाहिले तर प्रश्न संख्येचा नाही, वाट पाहण्याचा आहे. मोबाइलला पाळी लावता येते. श्वासाला लावता येत नाही. आणि वृद्धाचे यंत्र लावल्यावरही पन्नास वॅट उरतात, त्यांवर एका वेळी दोन मोबाइल लागतात. विसांनी रांगेत थोडे थांबायचे, इतकेच. पुष्कळशा नैतिक पेचांची उत्तरे अशी घड्याळातच असतात. आपण ती उगाच तागडीत शोधत बसतो.

परंतु दानालाही शिस्त लागते. कुणा सहृदयाने विचार केला, की माझी वीज थेट घराच्या तारांत सोडावी म्हणजे सगळ्या खोल्या उजळतील, तर काय होईल? घर बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेले नसेल तर ती वीज उलटी खांबाकडे धावते, रोहित्रातून जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि बंद समजून तारेला हात लावणारा लाइनमन प्राणाला मुकतो. म्हणून मधे घर वेगळे करणारा स्विच हवाच. तसेच, ऊब मिळावी म्हणून मिटलेल्या गॅरेजात इंजिन सुरू ठेवणाऱ्यांपैकी काहीजण टेक्ससमध्ये त्या धुरातल्या विषारी वायूने मेले. चांगल्या हेतूला जर यंत्राचे ज्ञान नसेल, तर तो हेतू आंधळ्याच्या हातातील कोयत्यासारखा असतो.

एक आक्षेप येथे उरतो आणि तो हसून घालवण्यासारखा नाही. मुंगीने उन्हाळाभर कष्ट केले, नाकतोडा गात बसला. मग हिवाळ्यात मुंगीने का द्यावे? ज्याने ऐपत असून गाडी घेतली नाही, जनरेटर घेतले नाही, त्याच्या निष्काळजीपणाचा भार मी का वाहावा? पण टेक्ससच्या काळोखाला शेजाऱ्याचा आळस कारण नव्हता. अमेरिकेच्या केंद्रीय चौकशीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष दिला तो असा, की वीजकेंद्रांची यंत्रे गोठली आणि त्यांना लागणारा नैसर्गिक वायूच पुरेसा पोहोचला नाही. जे सर्वांचे होते तेच कोलमडले होते. अशा वेळी ज्याच्याकडे काही उरले, ते पुष्कळदा शहाणपणाने उरले असे म्हणण्यापेक्षा ऐपतीने उरले असे म्हणणे खरे.

आणि माझी खरी काळजी तर याच्याही पुढची आहे. खासगी तरतूद माणसाला उदार करू शकते, तशी ती त्याला बहिरीही करू शकते. आपल्याकडे या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमन फार होते. गावोगावी ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले. त्यात गैर काही नाही. बाळाला उकडत असताना तत्त्वे कोण तपासतो? पण एका घरात इन्व्हर्टर आला की वीज कार्यालयात जाऊन जाब विचारणारा एक आवाज कमी होतो. आणि तो आवाज बहुधा लिहिता-वाचता येणाऱ्याचा, साहेबाला ओळखणाऱ्याचा असतो. उरलेल्या अंधारात ज्यांना बोलता येत नाही तेवढेच शिल्लक राहतात. प्रत्येकाने आपापली वीज कनवटीला बांधली, तर सर्वांच्या तारेकडे पाहणार कोण?

म्हणून मला वाटते, साठ्याचा दोष साठ्यात नाही. तो पुरे झाल्याच्या भावनेत आहे. गाडीत कप्पे असावेत, त्यांत दोरी, कांबळे, औषधाची पेटी असावी, टाकीत पेट्रोल असावे. एवढ्या तयारीला मी सद्गुणच म्हणेन. पण त्या तयारीबरोबर माणसावर दोन कामे येतात. काळोख पडला असता आपल्या खोबणीला दुसऱ्याची तार लागेल, तिला जागा द्यायची, हे पहिले. आणि उजाडल्यावर, आपल्याला स्वतःला काहीच अडले नव्हते तरीही, त्या रात्री दिवे का गेले हे विचारायला सर्वांबरोबर जायचे, हे दुसरे. पहिले काम पुष्कळ लोक करतात. संकटात माणूस बहुधा चांगलाच वागतो. दुसरे अवघड आहे, कारण तोवर आपल्या घरचे दिवे लागलेले असतात.