प्रार्थनेच्या रांगेतले गप्प मूल

मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. दाट वस्तीत एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात. जिने तेच, मैदान तेच. परिपाठाला राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा सगळ्यांची एक. अडते ते प्रार्थनेपाशी. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने सहा वर्षांच्या मुलाला हात जोडायला सांगावे का, आणि सांगायचे तर कोणासमोर?

संविधानाच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. खासगी मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही उपासनेला हजर राहण्याची सक्ती नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी अडचणी दाखवल्या. एखाद्या धर्मासाठी कर गोळा करायचा नसेल, तर लोकांचा पैसा त्याच्या शिकवणीवर खर्चता येत नाही. शिवाय मोक्षाचा मार्ग आपल्याच हाती आहे असे प्रत्येक धर्म म्हणतो. ते सगळे दावे एका शाळेत मांडले तर शांतता टिकणार नाही. गांधीजी स्वतः रोज प्रार्थना करणारे, पण त्यांच्या वर्धा शिक्षण योजनेतही धर्मशिक्षण नव्हते. आज धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्यातून ऐक्याऐवजी तंटेच वाढतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली होती.

मग सगळ्यांना चालेल अशी एक प्रार्थना लिहावी, हा उपाय लगेच सुचतो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने तो करून पाहिला. अवघ्या २२ इंग्रजी शब्दांची, कोणत्याही पंथाचे नाव न घेणारी प्रार्थना रचली. ज्यांना नको त्यांना सूटही होती. तरीही १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली: प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे.

महाराष्ट्राजवळ याहून मायेचे उदाहरण आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करणाऱ्या साने गुरुजींची, जगावर प्रेम करण्यालाच धर्म मानणारी प्रार्थना पिढ्यानपिढ्या मराठी मुलांच्या तोंडी आहे. तिच्याइतकी व्यापक प्रार्थना सापडणे कठीण. पण तीही सर्वांना प्रभूची लेकरे म्हणते. ईश्वर न मानणाऱ्या बौद्ध घरातल्या मुलीने ती म्हणताना काय करावे?

वाद एकाच बाजूने येतो असेही नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्ध याचिका झाली आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती मोठ्या पीठाकडे पाठवली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात पिलीभीत जिल्ह्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलांनी उर्दू कवी इक्बालांची ‘बच्चे की दुआ’ म्हटली, तक्रार झाली आणि मुख्याध्यापक निलंबित झाले. दोन्हीकडे भांडण शब्दांवर होते. रांगेतल्या मुलाचे मन कोणी विचारले नाही.

ते विचारले गेले केरळच्या एका खटल्यात. यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. जुलै १९८५ मध्ये शाळेने त्यांना काढून टाकले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले; आदराने गप्प उभे राहणे हा अपमान नव्हे, असा निवाडा दिला. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे मौन मान्य आहे, ते प्रार्थनेच्या वेळी नाकारायला कसला आधार उरतो? नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच्याच बाजूने कौल दिला.

शिक्षक मोठा माणूस, तो न्यायालयात जातो. पहिलीतली मुलगी जात नाही. बाई बघतात म्हणून, शेजारची म्हणते म्हणून ती ओठ हलवते, आणि कायद्यातली संमती तर तिच्या आईवडिलांची. म्हणूनच ‘सक्ती नाही’ एवढे म्हणून भागत नाही.

एकत्र गाणे मात्र शाळेतून जाऊ नये. निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एका सुरात येतात, तो आनंद मोलाचा आहे. गाणी पावसाची असोत, श्रमाची असोत, सगळ्या माध्यमांच्या भाषांतली असोत. जिथे प्रार्थना चालूच आहे तिथे प्रवेशाच्या वेळीच पालकांना लेखी सांगावे की मूल गप्प उभे राहू शकते. आणि तेच मुलांनाही, परिपाठाआधी, त्यांना कळेल अशा शब्दांत वर्गशिक्षिकेने सांगावे.