आयुष्याची दोरी आणि आपल्या सवयी

गावातील एखादा मनुष्य पन्नाशीच्या आत वारला, म्हणजे मातीहून परततानाच लोक म्हणू लागतात, "त्याने आपल्याच हाताने आयुष्य घालविले." हे बोलणे कितपत न्याय्य आहे, याचा वाचकांनी विचार करावा.

त्यात सत्याचा अंश आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील आलमेडा नामक जिल्ह्यात 1965 साली सुमारे 7000 प्रौढांच्या राहणीची चौकशी झाली. धूम्रपान न करणे, मद्य वर्ज्य किंवा बेताचे, सात-आठ तास झोप, अंगमेहनत, बेताचे वजन, सकाळची न्याहारी व अवेळी न खाणे, अशा त्या सात गोष्टी. 1973 साली बेलॉक यांनी दाखविले की, यांपैकी सहा-सात पाळणारा 45 वर्षांचा पुरुष, तीन किंवा त्यांहून कमी पाळणाऱ्यापेक्षा सुमारे 11 वर्षे अधिक जगण्याचा संभव असतो. एकेक सवय क्षुल्लक दिसते; पण काथ्याचे धागे मिळूनच दोर वळला जातो.

परंतु या सवयी येतात कोठून? नवी मुंबईकडे पाहा. 1970 साली सिडको स्थापन झाली व नव्या शहराकरिता 95 गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. तत्पूर्वी तेथील आगरी भातशेतीत व मिठागरात राबत, कोळी खाडीत जाळे टाकीत. व्यायाम करा, असे त्यांस कोणास सांगावे लागत नव्हते. (मिठागराचे खारे पाणी पायांची सालडी काढी, ते दिवस सोन्याचे होते, असे माझे म्हणणे नाही.) जमिनीबरोबर ती राहणीही गेली. आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलाने सलग सात तासांची झोप कोठून आणावी?

तंबाखूची गोष्ट याहून बिकट. सरकारने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पण घरातील मिश्रीचे काय? आजी लावते, तिचे पाहून सून लावते, आणि नकळत नातीच्याही बोटास ती लागते. त्या नातीने ही सवय निवडली काय?

म्हणून सर्व दोष मृताच्या माथी मारणे मला पटत नाही. ईयोबाच्या मित्रांनीही असाच हिशेब मांडला होता. तथापि सवय दुसऱ्याकडून आली म्हणून ती सोडण्याचे कर्तव्य टळत नाही. ते उलट साऱ्या घरावर येते. सुनेस उपदेश करण्यापूर्वी सासूने आपली मिश्रीची डबी दूर करावी. आणि रात्रपाळीहून आलेल्या मुलास दिवसा निवांत निजू देणे, हे तर घरच्यांच्याच हाती आहे.