चाक सगळ्यांचे, आवा कुणाचा?

शहरांत ठिकठिकाणी निघालेल्या सामुदायिक पॉटरी स्टुडिओंविषयी हल्ली बरेच लिहून येते, आणि बहुतेक लिखाण एकाच प्रश्नाशी घोटाळत राहते. कलाशाळेत शिकलेल्या माणसाने फी घेऊन चार लोकांना चाक शिकवावे, हा कुंभाराच्या पोटावर पाय आहे की कुंभारकामाचा पुनर्जन्म? दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, पण कुंभारकाम म्हणजे चाक, हे दोघांनीही निमूटपणे गृहीत धरलेले असते. चाक छायाचित्रात चांगले दिसते, हे खरे. मात्र सरावलेल्या हाताला चाकावर गाडगे उठवायला फार तर चार-पाच मिनिटे लागतात. त्याआधी माती आणण्याचे, वाळवण्याचे, कुटण्याचे, चाळण्याचे, मुरवण्याचे कित्येक दिवस असतात, आणि नंतर आग. वाद चालला आहे तो या चार-पाच मिनिटांच्या मालकीवरून. माती मळल्याने मनावरचा ताण उतरतो, म्हणून स्टुडिओ हवेत, असे म्हणणाऱ्यांशी भांडायचे कारण नाही. कणीक मळूनही तो उतरत असेल. सुगडे संक्रांतीपुरती आणि घट नवरात्रापुरते आठवणाऱ्यांनी वारशाचा गहिवर जरा आवरता घ्यावा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे. त्याला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. ते मिळावेच, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही.

सुटायला अवघड आहे तो वेगळाच युक्तिवाद, आणि तो प्रामाणिक माणसे करतात. ते म्हणतात, मातीला जात नसते. गावगाड्यात कुंभारकाम जन्माने ठरत होते. बलुत्याच्या धान्यावर मडकी घडवणाऱ्याला ना मजुरी ठरवता येत होती, ना काम नाकारता. घरातल्या बाईने माती चाळायची, तुडवायची, घागरी थापायच्या, डोक्यावरून बाजारात न्यायच्या. चाकाला मात्र बहुतेक ठिकाणी तिने हात लावायचा नाही. स्टुडिओने हे दोन्ही मोडले. तिथे कुणीही येते, चाकावर बसणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने दिसतात, आणि शिकवणाऱ्याला आडनाव विचारले जात नाही. हा लाभ लहान नाही. त्याला नाक मुरडून ‘खरा कुंभार’ शोधत फिरणारे लोक बलुतेदारीचेच गोडवे गात असतात, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि तो जितका उदात्त तितका अधिक खटकतो.

स्टुडिओतली माती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत येते. बिकानेरची किंवा गुजरातेतली चिकणमाती कारखान्यात दळून, हवा काढून, वापरायला तयार होऊन येते. अशा मातीला जात नसते, कारण तिला गावही नसते. गावची माती काढायची म्हटली की जात परत हजर होते: माती कोणत्या तळ्यातली, कुणाच्या बांधावरची, काढायचा हक्क कुणाचा? गौण खनिजाच्या नियमांतही वंशपरंपरागत कुंभाराला स्वामित्वधनात सवलत देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या लेखीदेखील मातीवरचा हक्क अजून घराण्याकडून येतो. जात मोडायची असेल तर या ठिकाणी मोडायला हवी. स्टुडिओ ती जागाच टाळतो आणि टाळण्याला मुक्ती म्हणतो. पडद्यामागच्या कामाचेही तसेच. शिकणारा आपले भांडे फळीवर ठेवून घरी जातो. ते वाळवणे, भट्टीत रचणे, भाजणे, उतरवणे हे काम पुष्कळ ठिकाणी पगारी मदतनीस करतो, आणि आठवड्याने भांडे चकचकीत होऊन हातात पडते. चाक सर्वांसाठी खुले झाले, पण जुन्या व्यवस्थेतले कष्टाचे आणि कमी मानाचे काम पुन्हा एका अनामिक माणसाच्या वाट्याला आले. हुकूम जातीचा नसून पगाराचा आहे, एवढा फरक आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. पण याला मातीची समता म्हणणे अतिशयोक्ती होईल.

चाकाच्या आधीचे आणि नंतरचे हे काम किती अवघड असते, ते धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याचे उदाहरण घेतले की स्पष्ट होते. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीची पालखी निघते आणि लाखो हात रानातली चुनखडी वेचतात. भाविकाला जो खडा प्रसादासारखा, तोच मडके घडवणाऱ्याचा वैरी आहे. या भागातली काळी माती मुळात फुगणारी आणि आकसणारी. नुसती वापरली तर सावलीतही भेगाळते. म्हणून तीत गाळाची माती, राख, लीद मिसळावी लागते. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा चुनखडीचा खडा राहून गेला, तर चाकावर काही कळत नाही, वाळताना कळत नाही, भाजतानाही कळत नाही. आठशे-साडेआठशे अंशांच्या पुढे त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडे धडधाकट बाहेर येते, वाजवले तर खणखणते. मग तो चुना हवेतली ओल शोषून विरत जातो, फुगतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी भांड्याच्या अंगावरून खपली उडते. तळाशी पांढरा ठिपका दिसतो. उपाय आहेत. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळायची, आच चुना तयार होण्याच्या आत आवरायची, किंवा भांडे भट्टीतून निघाल्याबरोबर पाण्यात बुडवून चुना एकदाच विरवून टाकायचा. पण यातला कुठला उपाय कोणत्या तळ्याच्या गाळाला लागू पडेल, हे भांडी फोडून घेतल्याशिवाय ठरत नाही. हे ज्ञान बोटांत नसते. ते फुटलेल्या मालाच्या हिशेबात असते.

म्हणून कलाकार विरुद्ध कुंभार ही विभागणी मला निरुपयोगी वाटते. विभागणी करायची तर चाकाची शाळा आणि आव्याची, म्हणजे कुंभाराच्या भट्टीची, शाळा अशी करावी. चाकाच्या शाळेत ज्याचे भांडे त्याचे. फुटले तर हळहळ त्याची एकट्याची. आव्याच्या शाळेत साठ जणांची भांडी एकाच आगीत जातात, आणि एकाचे ओले भांडे तडकले तर शेजारच्या चौघांची घेऊन जाते. शेजाऱ्याची माती नीट वाळली आहे की नाही, हे पाहणे तिथे शिष्टाचार राहत नाही, गरज होते. स्टुडिओच्या नावामागे लागणारे ‘सामुदायिक’ हे विशेषण तिथे खरे ठरते.

या दृष्टीने पाहिले तर आपला इतिहासही निराळा दिसतो. येरमाळ्याच्याच जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, भाजलेल्या मातीचे गाव आहे: त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, लामतुरे संग्रहालयातल्या दुहेरी साच्यांतून काढलेल्या केओलिनच्या मूर्ती, आणि गोरोबाकाकांची समाधी. गोरोबांच्या कथेत कच्चे-पक्के पारखणारी थापटी आहे. पक्के करते ती आग, हे आपण कीर्तनात विसरतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरींनी सिंधी कुंभारांची झिलई आणि अजिंठ्याची नक्षी एकत्र आणली. टेरींचे नाव राहिले, त्या कुंभारांची किती जणांना ठाऊक आहेत? उलट भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघात सुरुवातच गावकुंभाराची माती, झिलई आणि भट्टी सुधारण्यापासून झाली, आणि शहरातले कलाकार तिथे नंतर आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, विजेची भट्टीही भट्टीच, आणि बाराशे अंशांवर भाजणाऱ्यांचेही नुकसान होते. मान्य. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली सुरू केलेली गोल्डन ब्रिज पॉटरी उंच आचेचीच आहे. मीकरांनी तर मातीचे अख्खे घर भट्टीसारखे भाजून पाहिले. ती आव्याचीच शाळा. तेव्हा मुद्दा तापमानाचा वा इंधनाचा नाही. आग लावण्याचा निर्णय आणि तिचा तोटा शिकणाऱ्याच्या वाट्याला येतो की नाही, एवढेच पाहायचे. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: नोकरी करून रविवारी येणाऱ्याने तळ्यावरून गाळ आणावा, अशी अपेक्षा कशी धरायची? धरू नये. त्याने निदान भट्टी रचायला थांबावे, आणि रचायला शिकवणाऱ्या माणसाला चाक शिकवणाऱ्याइतकेच मानधन आणि फलकावर तितक्याच आकाराचे नाव मिळावे. येरमाळ्यासारख्या गावात असे केंद्र काढायचे कुणाच्या मनात असेल तर गोवऱ्या आणि तुराट्या मिळतील, शिकवायला कलाकारही येईल. पहिल्या पाच-सहा भट्ट्या मात्र मातीच्या चाचणीतच जातील, आणि त्यांतला फुटलेला माल कुणाच्या फीमधून वसूल होणार नाही. तो खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा, हे ठरण्याआधी विजेची चाके विकत घेऊ नयेत.