चेकपॉइंटवरचा माणूस

ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी; उदाहरणार्थ, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेतल्या चेकपॉइंटवर मध्यरात्रीही स्वयंसेवक टेबल मांडून बसलेला असतो. सायकलस्वार घामाने भिजलेलं कार्ड पुढे करतो. स्वयंसेवक त्यावर वेळ लिहितो, शिक्का मारतो, केळं सोलून देतो. हँडल धरून बोटं इतकी बधिरलेली असतात, की सायकलस्वाराला सोलणंही जमत नाही!

खरं अवघड काम पुढेच. चेकपॉइंटची मुदत टळल्यावर धापा टाकत आलेल्याला वेळ संपल्याचं सांगायचं असतं. अशा वेळी वेळेत एका मिनिटाचाही फेरफार न करता, ‘आधी बसा, चहा घ्या’ म्हणत खुर्ची पुढे करणारा माणूस मला फार मोठा वाटतो. मग तो विचारतो, ‘घरी कसे जाणार? गाडीची सोय करू का?’