रिकाम्या रस्त्याचे सुख

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. शेजारी पुण्याचा एक तरुण होता. त्याच्या सायकलच्या दोन्ही अंगांना पिशव्या बांधलेल्या. अलिबागहून निघाला होता आणि त्याला गोव्यापर्यंत जायचे होते. माझ्याही हातात सायकल पाहून तो मोकळेपणाने बोलू लागला. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला येताना त्याला दोन रिक्षा आणि एक एस.टी. एवढीच वाहने भेटली होती. "काका, हा रस्ता असाच राहिला पाहिजे," तो म्हणाला. मीही "खरे आहे" म्हणून गेलो.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत तेव्हा एक संमतीपत्र होते. खाडीपलीकडच्या आमच्या गावातला रस्ता रुंद करण्यासाठी बागेची एक पट्टी देण्याचे. सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत, त्यांतली गावात राहणारी तीन. बाकीच्या अकरांत मी एक.

निवृत्त झाल्यापासून मी वर्षातून दोनदा पनवेलहून एस.टी.च्या टपावर सायकल टाकून श्रीवर्धनला उतरतो आणि पुढचा प्रवास पायडल मारत करतो. वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, मग आंजर्ले, हर्णे. सायकलच्या वेगात गाव अंगावर येते. वाळत घातलेल्या मासळीचा वास आधी येतो, घरे नंतर दिसतात. सड्यावर चढ लागला की उतरून सायकल ढकलावी लागते. मग जांभ्याच्या गडग्यापलीकडून कोणीतरी हमखास विचारते, कुठले? कोणाचे? मोटारीतून जाणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. केळशीला याकुब बाबांच्या दर्ग्याच्या सावलीत पाणी प्यायचे आणि पुढे निघायचे. या सुखाची मला अजिबात लाज वाटत नाही. पण ते कशावर उभे आहे, हा प्रश्न अलीकडे सोडत नाही.

रस्ता शांत का आहे? एक कारण सरळ आहे. जड वाहतूक मुंबई-गोवा महामार्गावरून जाते आणि त्या महामार्गाचे 2011 मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण दशक उलटले तरी पुरे झाले नाही. किनाऱ्यावरून रेवसपासून रेड्डीपर्यंत सुमारे 500 किलोमीटरचा सागरी मार्ग असावा, हे स्वप्न बॅ. अ. र. अंतुले यांचे. ते 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते आणि याच सावित्रीच्या काठच्या आंबेतचे होते. खाडीकाठच्या माणसाला खाडी म्हणजे काय ते ठाऊक असते. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला, खाड्या मात्र राहिल्या. 2003 साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, मागाहून वेसवी-बागमांडले. पुलांची कामे तर अगदी अलीकडे हाती घेतली गेली.

दुसरे कारण बोलायला जड जाते. रस्त्यावर वाहने नाहीत, कारण मोहल्ल्यात माणसे नाहीत. आमच्या वाडवडिलांच्या पिढीत लोक जहाजावर गेले, दक्षिण आफ्रिकेत गेले. आमच्या पिढीत कुवेत, दुबई, सौदी. ज्यांना तेही जमले नाही ते मुंबई-मुंब्र्याला. गावात आज दुमजली, रंगीत जाळ्यांची, संगमरवरी ओट्यांची घरे आहेत आणि त्यांतली बरीचशी मे महिन्यात आणि ईदला उघडतात. एरवी कुलूप. मधल्या वर्षांत 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने माड-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा पडलेली झाडे उचलायला चार धडधाकट हात गोळा करणेही कठीण झाले होते. पुण्याच्या त्या मुलाने जी शांतता ऐकली, तिच्यात ही कुलपे होती. त्याला ती कशी ऐकू यावी? मी तर त्या कुलपांतल्या एकाचा मालक, मलाही ती सायकलवर असताना ऐकू येत नाहीत.

1971 साली माझ्या मधल्या बहिणीला रात्री पान लागले. साप चावला असे आमच्याकडे म्हणत नसत. दवाखाना पलीकडे, श्रीवर्धनला. तांडेलाला उठवून होडी काढली, पण ओहोटी होती. मध्यावर होडी गाळात बसली. भरती येईपर्यंत सगळे होडीतच. मी अकरा वर्षांचा होतो, वडिलांच्या पायाशी बसलो होतो. वल्ह्याचा आवाज नाही, कोणाचा शब्द नाही. पहाटे पाणी चढले तेव्हा तिला पलीकडे नेण्याचे कारण उरले नव्हते.

इंग्लंडमध्ये 2000 सालच्या वाहतूक कायद्याने खेड्यातल्या काही अरुंद रस्त्यांना निवांत रस्त्याचा दर्जा देण्याची सोय केली. पायी जाणाऱ्याने, सायकलवाल्याने, घोडेस्वाराने तिथे निर्धास्त चालावे. हॉलंडमध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर क्रमांक असतो. चार आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यावेत आणि दिवसभर शेतांतून फिरावे. हे वाचून हेवा वाटतो. पण तिथे गावाने एक रस्ता शांत ठेवला, तेव्हा दवाखान्याकडे जाणारा दुसरा रस्ता त्यांच्यापाशी होता. आपल्याकडे एकच आहे. तो शांत ठेवावा असे म्हणणाऱ्याने आधी आजाऱ्याला कुठून न्यायचे ते सांगावे.

रस्त्यालाही हक्क असतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. रस्त्यावर बसणाऱ्याने नजर आवरावी, कोणाला इजा होऊ देऊ नये, सलामाला जबाब द्यावा. ती कट्ट्यावर बसणाऱ्यांसाठी, असे मी समजत होतो. आता वाटते, जाणाऱ्यानेही कधी नजर आवरावी. दुसऱ्याच्या अडचणीकडे देखावा म्हणून पाहणारी नजर आवरायला नको का?

याचा अर्थ जो रुंद तो रस्ता चांगला, असे मला म्हणायचे नाही. रुंद रस्त्यावरून आधी कोण येईल, हे आपण इतर किनाऱ्यांवर पाहिले आहे. जमिनीचे दलाल रुग्णवाहिकेच्या पुढे असतात. मग सड्यावर कोणीतरी विचारील, कुठले? कोणाचे? तेव्हा उत्तर देणारा थांबेल का, शंका आहे.

हे सगळे मी घरी पोचल्यावर चुलतभावाला ऐकवले. भाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, आयुष्यभर गावात राहिले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तू दिवसा येतोस. आम्हाला रात्रीही इथंच राहायचं असतं." मग भाभींनी चहा आणला.

सही मी त्याच रात्री केली. भाईंना एवढेच विचारले, की पट्टीत कोणती झाडे जातात. त्यांनी सांगितली: दोन रायवळ, एक हापूस आणि विहिरीजवळचा फणस. फणस आमच्या आजोबांनी लावलेला. भाई म्हणाले, तोडायच्या आधी फणस उतरवून पनवेलला पाठवतो, या साली बरे लागलेत.