वंशावळीतील आई

शास्त्रभाग: मत्तय 1:1-16



इंदूरच्या छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्यांपुढे उभे राहिलो म्हणजे आपणाला आठवते की, हे थोर आडनाव होळ या लहानशा गावावरून आले. आपल्यातील काही कुटुंबे मात्र आपल्या इंग्रज मूळपुरुषाचा शोध घेतात. शोधास मार्गही आहे. बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेथे बापाचे नाव व हुद्दा सापडतो. पण आई हिंदी असली, तर पुष्कळदा तिचे नावच नसते. जिने नऊ महिने भार वाहिला, तिची जागा कोरी!

मत्तयाने प्रभूची वंशावळी लिहिली तेव्हा राहाब व रूथ यांना वगळले नाही. एक यरीहोची, दुसरी मवाबी, दोघी परक्या. तरी प्रभूला त्यांची लाज वाटली नाही.

मग साहेब आजोबा तेवढे आपण अभिमानाने सांगावे आणि आजीविषयी गप्प राहावे काय? घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर तिचेही नाव लिहू या. ते ठाऊक नसेल, तर कौटुंबिक प्रार्थनेत तिच्यासाठी देवाचे उपकार मानू या. वहीत जे राहून गेले, ते देव विसरलेला नाही.