आर्च स्ट्रीटवरचे बाक

फिलाडेल्फियाच्या जुन्या वस्तीत, आर्च स्ट्रीटवर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं सभागृह आहे. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने १७०१ साली दफनासाठी दिलेल्या जागेवर १८०४च्या सुमारास ही विटांची इमारत उभी राहिली. आत वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत. नुसते लांबलचक लाकडी बाक, आणि समोर चढत्या पायऱ्यांवर सभेकडे तोंड करून मांडलेले आणखी काही. मी बसलो त्या बाकाची कड हात फिरून फिरून गुळगुळीत झाली होती.

इथली उपासना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसणं. पुरोहित नाही. ज्याला किंवा जिला आतून प्रेरणा होईल, त्याने किंवा तिने उठून बोलायचं. कारभारही त्याच वळणाचा: मतदान नाही, सगळ्यांची मनं जुळेपर्यंत थांबायचं. हात वर करून मोजणी झाली की विषय संपला, अशा सभा पाहत आलेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं. पण याच पद्धतीची दुसरी बाजूही इथे समोर येते.

१६८८मध्ये जवळच्या जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. स्थानिक सभेने, हा विषय आपल्याला झेपणारा नाही म्हणत, ते वरच्या सभेकडे धाडलं. तिने आणखी वर. तिथे ते बाजूला पडलं. मधल्या काळात बेंजामिन ले नावाचा ठेंगणा, कुबड असलेला माणूस भर सभेत गुलामांच्या मालकांना तोंडावर सुनावत असे. १७३८मध्ये पंथाने त्यालाच बाहेर काढलं. गुलाम बाळगणाऱ्याला फिलाडेल्फियाच्या क्वेकरांत जागा नाही, हे ठरायला १७७६ उजाडलं. मनं जुळण्याची वाट पाहिली जात होती, तोवर माणसं विकली जातच होती. निवेदनाचा मूळ कागद २००५ साली याच इमारतीतल्या तिजोरीत पुन्हा सापडला.

१७७६च्या त्या निर्णयानंतरही सगळं सुरळीत झालं नाही. सारा मॅप्स डग्लस ही कृष्णवर्णीय शिक्षिका आईबरोबर इथे उपासनेला येई. १८३७च्या पत्रात तिने लिहिलं आहे, की त्यांच्यासाठी वेगळा बाक होता आणि गोऱ्यांनी तिथे बसू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जण बसे. तरीही तिची आई, ग्रेस, वर्षानुवर्षं येत राहिली. या वास्तूची ओळख करून देताना विल्यम पेनच्या आधी या मायलेकींची नावं घ्यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.